गवत बघायला वाघोलीला

मे महिन्यात माणसं महाबळेश्वरला जातात, नाहीतर कोकणात कुणाचं तरी घर शोधून काढतात. आम्ही वाघोलीला गेलो. हसून घ्या एकदाचं, म्हणजे पुढचं नीट वाचता येईल. वारजे ते वाघोली, हडपसरमार्गे, एका दिवसात, बस, सहा सीटर रिक्षा आणि स्वतःचे पाय यांच्या जिवावर. बघायची ठिकाणं दोन: एक बंद पडलेला कारखाना आणि एक माळ. माळावर काय आहे? गवत. तेही वाळलेलं.

भाचीने हा ब्लॉग उघडून दिला तेव्हा म्हणाली होती, मावशी, ट्रॅव्हलचं लिही, लोक वाचतात. घे, लिहिलं.

आता कारण सांगते. आमचे हे घरामागच्या टेकडीवरच्या मंडळाचे अध्यक्ष. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की पुण्यात टेकडीवर जाणं हा व्यायाम नसून धर्म आहे. पहाटे उठायचं, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घ्यायचे, धापा टाकत वर जायचं आणि आपापल्या झाडाला पाणी घालायचं. आपापल्या, हे महत्त्वाचं. शेजारच्याचं झाड सुकून काटकी झालं तरी बेहत्तर, आपल्या कॅनमधला थेंब तिकडे सांडता कामा नये. झाडांवरून मंडळात अबोले झालेत. एका गृहस्थांनी दुसऱ्याच्या गुलमोहराची सावली आपल्या बहाव्यावर पडते म्हणून लेखी तक्रार केली होती, आणि त्यावर रीतसर चर्चा होऊन सूर्याला समज देता येत नाही असा निष्कर्ष निघाला.

या मंडळींनी टेकडीचा उतार हिरवा केला, नाही म्हणत नाही. गिरिपुष्प, काशीद, गुलमोहर, सुबाभूळ, नर्सरीत जे स्वस्त मिळालं ते सगळं. वरती मात्र एक सपाट तुकडा उरला होता, नुसत्या गवताचा. मंडळाच्या भाषेत ‘बोडका’. हा बोडका तुकडा हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या नजरेत वृक्षारोपणासाठी भरला. खड्डे जेसीबी खणणार, रोपं ट्रकने येणार, कर्मचारी एसी बसने येणार आणि टी-शर्ट सगळ्यांना सारखे. रविवारी मंडळाची बैठक होती. तिथे ह्यांनी हो म्हणायचं, की सोमवारी जेसीबी वर.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. ह्यांना आठवडाभर परोपरीने सांगितलं. अहो, गवताळ माळ म्हणजे आजारी जंगल नव्हे. ती पुरी परिसंस्था आहे. तिथे माती वीतभर, खाली काळा पाषाण, त्यात गवतच मावतं. गवतावर किडे, किड्यांवर चंडोल, चंडोलांच्या अंड्यांवर साप, सापावर गरुड, असा सगळा संसार त्या बोडक्यावर चालतो. झाडं दाटली की सावली पडणार, सावलीत गवत मरणार आणि मागोमाग सगळी वरात घरी जाणार. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, झाड लावणं कधी वाईट असतं का? या वाक्यापुढे पुण्यात वाद खुंटतो. साधुसंतांनी सांगितलंय, शाळेच्या भिंतीवर लिहिलंय, आणखी काय हवं?

म्हणून शुक्रवारी रात्री मी जाहीर केलं: उद्या सहल. डबा घेऊ, पाणी घेऊ, टोपी घाला आणि तोंड बंद ठेवा. तोंडाचं मी जरा हळू म्हटलं.

शनिवारी सकाळी निघालो. जाणाऱ्यांसाठी सूचना: दिवसाचा पास काढा, उन्हाळ्यात बसची डावी बाजू धरा आणि कंडक्टरशी सुट्ट्यांवरून वाद घालू नका. ते जन्मतःच जिंकलेले असतात. स्वारगेटला बस बदलली. आमच्या मागे दोन तरुण बसले होते, बोलण्यावरून नागपूरकडचे. एकाने वाघोलीत फ्लॅट बुक केला होता आणि तो दुसऱ्याला सांगत होता, ‘समोर पूर्ण ओपन आहे रे, डेड लँड, काहीच नाही.’ दुसरा म्हणाला, मग तर व्ह्यू परमनंट. मला इतकं हसू आलं, की ह्यांनी कोपराने ढोसलं. पुण्यात मोकळ्या जागेसमोरचा व्ह्यू परमनंट म्हणणारा माणूस अजून शिल्लक आहे, हे बघून माणुसकीवरचा विश्वास वाढला.

हडपसरला उतरून आधी मिसळ खाल्ली. गाडीतळाच्या अलीकडे, गल्लीत, नाव सांगत नाही, कारण सांगितलं की गर्दी होते आणि मग ते सँपलच्या रश्श्यात पाणी वाढवतात. पोट भरल्यावर मी शिकवणी सुरू केली. हे गाव बघा म्हटलं. आधी इथे भाजीचे मळे. मग कारखाने आले, त्यांच्यासाठी रस्ता, वीज, पाणी आलं. ती सगळी सोय झाल्यावर आल्या काचेच्या इमारती, आणि कारखाने गेले. निसर्गात याला अनुक्रमण म्हणतात. उघड्या खडकावर आधी दगडफूल येतं, ते खडक कोरून चिमूटभर माती करतं. त्या मातीत शेवाळ, मग गवत, मग झुडूप. आणि प्रत्येक जण पुढच्याची सोय करून स्वतः बेघर होतो.

हे पावाने ताटली पुसत म्हणाले, ‘म्हणजे मी दगडफूल.’

‘मसाल्यात घालतात ते,’ मी म्हटलं. ‘वाया जात नाही.’

हसले, पण फार नाही. कारण ह्यांचाच कारखाना बघायला आम्ही निघालो होतो. देशाची दारं उघडली त्या काळात ह्यांच्या कारखान्याचं दार हळूहळू लागत गेलं. शेवटी स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा नेमकी कोणाची, हे विचारायचं नसतं. हे मोठे फोरमन होते, दीडशे माणसं हाताखाली. घरी बसल्यावर कित्येक महिने रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचे, पहिल्या पाळीची बस येणार असल्यासारखे. मला त्या गॅलरीकडे बघवत नसे. मग एका पहाटे शेजाऱ्याने टेकडीवर नेलं आणि हे परतले ते हातात काशीदाचं रोप घेऊन, उद्या खड्डा कुठे घ्यायचा ते बोलत. माझा नवरा मला टेकडीने परत दिला. म्हणून त्या कॅनची मी कितीही टिंगल केली, तरी ते मी स्वतः भरून ठेवत आले.

कारखान्याचं फाटक गंजलेलं. रखवालदार लातूरकडचा, कंटाळलेला. ह्यांनी ओळख सांगितल्यावर त्याने कुलूप काढलं, वर म्हणाला, बघून घ्या, पुढच्या वर्षी इथे टॉवर होणार. आत पाऊल टाकलं आणि हे थबकले. ट्रक वळायचे ते सिमेंटचं पटांगण भेगाळलं होतं. भेगांत गवत, गवतात रुई, कडेने घाणेरी, तिच्यामागे विलायती बाभळीची रेटारेटी. शेडच्या सावलीतून मुंगूस गेलं, आम्हाला अजिबात भीक न घालता. आणि पेंट शॉपच्या छतावर पिंपळ. साधासुधा नाही, चांगला जाड बुंध्याचा, मुळं भिंतीवरून खाली येऊन जमिनीत शिरलेली.

मी उत्साहात होते. हे बघा अनुक्रमण, पाठ्यपुस्तकातल्या चित्राबरहुकूम. आधी किरकोळ मंडळी, मग झुडपं, मग पक्ष्याच्या पोटातून आलेला पिंपळ. कुणी खड्डा खणला नाही, कुणी टी-शर्ट वाटले नाहीत. हे ऐकत नव्हते. पिंपळाकडे बघत होते.

‘याला पाणी कोण घालतं?’ त्यांनी रखवालदाराला विचारलं.

‘पाणी?’ तो म्हणाला. ‘आमालाच टँकरनं येतंय.’

ह्यांनी भिंतीवरच्या मुळावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. मग म्हणाले, याच भिंतीला माझं टेबल होतं. मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. मी म्हटलं, बघा, तेच तर आठवडाभर सांगतेय. शिक्षिकेची खोड, विद्यार्थ्याला समजायला लागलं की जीभ आवरत नाही.

बाहेर पडल्यावर मात्र विद्यार्थ्याने नेमका प्रश्न टाकला. इथे सिमेंटातून आपोआप झाडं आली, तर आपल्या बोडक्यावर आणि तुझ्या त्या माळावर अजून का नाही आली? ते काय मागे पडलेत? मान गए. बोर्डाचा पेपर काढणाऱ्यांना इतका चांगला प्रश्न कधी सुचला नाही. म्हटलं, उत्तर वाघोलीला.

हडपसर ते वाघोली सहा सीटरने, मुंढवा, खराडी करत. सहा सीटरमध्ये अकरा माणसं बसतात, हे नव्या वाचकांनी लक्षात ठेवावं आणि शक्यतो ड्रायव्हरच्या शेजारची अर्धी सीट घेऊ नये. खराडीपासून पुढे मला पुन्हा शिकवणीची उबळ आली. ओसाड जागेवर सगळ्यात आधी कोण येतं? पानटपरी. हिला ना माती लागते ना पाणी. टपरीच्या आडोशाला झेरॉक्सवाला. मग कॉलेज, कॉलेजच्या मागे मेस, मेसच्या वर पीजी, पीजीच्या समोर क्लास, ‘जावा शिका, अमेरिकेला जा’. शेवटी मॉल येतो आणि टपरीला अतिक्रमण ठरवून उचलून नेतो. जीवशास्त्रात या शेवटच्या टप्प्याला चरम अवस्था म्हणतात. पुण्यात चरम अवस्थेला पार्किंग नसतं, एवढाच फरक.

वाघोलीत रसवंतीवर थांबलो. बर्फ घालू नका सांगितलं तरी त्याने घातला, हा तिथला रिवाज दिसतो. मग केसनंदच्या अंगाला चालत निघालो. खाणींचे मोठमोठे खड्डे ओलांडले. आपल्या सगळ्यांच्या बिल्डिंगा त्यातूनच बाहेर आल्यात. त्यापुढे उजवीकडे तारेचं कुंपण लागलं. आत कुठल्याशा खात्याने बऱ्याच वर्षांपूर्वी केलेली लागवड होती. गिरिपुष्पाच्या सरळ रांगा, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. पाटीवरचा रंग उडालेला, फक्त ‘हरित’ एवढं शिल्लक.

ह्यांना बरं वाटलं. बघ, म्हणाले, किती छान. तार एका जागी वाकली होती, तिथून आत गेलो. सावली होती, खरं आहे. खाली मात्र नुसती उघडी माती आणि वाळका पाला. गवताची काडी नाही, किडा नाही, मुंगीसुद्धा वाट चुकून आल्यासारखी. पाच-दहा मिनिटं उभे राहिलो. एका पक्ष्याचा आवाज आला नाही. हे कान टवकारून होते. टेकडीवरच्या आमच्या उतारावरही अशीच शांतता असते. मंडळ तिला ‘निसर्गाची शांतता’ म्हणतं आणि तिथे बसून ओंकार करतं.

तारेच्या पलीकडे आलो तो माळ सुरू. रणरणतं ऊन, गुडघ्याएवढं पिवळं गवत, मध्ये मध्ये दगड. आणि आवाज. चंडोल वर वर चढत गात होता, गवतात नाकतोडे तडतडत होते, कुठून तरी माळटिटवी ओरडत होती. एक धनगर मेंढरं घेऊन कुंपणालगतच्या झाडांच्या सावलीला टेकला होता. त्याने आम्हाला खालीवर न्याहाळलं.

‘प्लॉट बघाया आलाय का?’

हे म्हणाले, नाही, गवत बघायला. त्याला वाटलं, विकत घ्यायचंय. मग कळलं, नुसतंच बघायचंय, तेव्हा त्याने सहानुभूतीने पाणी विचारलं. तुम्हाला वाटेल, आता हा साधा माणूस निसर्गाचं गूढ उलगडणार. तसलं काही झालं नाही. मी म्हटलं, किती सुंदर माळ आहे, तर तो म्हणाला, ‘माझी जागा आस्ती तर कवाच इकली आस्ती, बाई.’ मला तो फार आवडला.

ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी तिथे दिलं. पायाने जरा माती उकरली, बोटभर खाली खडक लागला. म्हटलं, सिमेंटखाली तिकडे मुरूम, भराव, खोल माती होती. इथे एवढीच. पाऊस बेताचा, मेंढरं चरतात, वणवे लागतात, आणि तरी गवत टिकतं कारण त्याचा जीव मुळांत असतो. पुस्तकातल्या आकृतीतला बाण नेहमी जंगलाकडे जातो, त्याला मी काय करू? प्रत्येक जागेला जंगल व्हायचं नसतं. हा माळ मागे पडलेला नाही. तो पोचलाय.

हे ऐकत पुढे चालत होते. तेवढ्यात टिटवी एकदम अंगावर आली. कर्कश ओरडत डोक्यावरून गेली, वळली, पुन्हा आली. हे पाऊल टाकता टाकता थांबले. एक पाय हवेत. मी खाली बघितलं. त्यांच्या चपलेच्या बरोबर खाली, कसलंही घरटं नाही, काडी नाही, नुसत्या दगडगोट्यांत तीन अंडी. ठिपक्यांची, मातकट, गोट्यांतून वेगळी काढता येऊ नयेत अशी. हे बिचारे एका पायावर, टोपी घसरलेली, घाम गळतोय. मी हात दिला आणि त्यांनी पाय हळूच मागे घेतला. आम्ही बरंच लांब जाऊन बसलो. टिटवी पुष्कळ वेळ बडबडली, मग चालत चालत आली आणि बसली अंड्यांवर.

हे तिच्याकडे बघत म्हणाले, ‘ही आपल्याकडे पण ओरडते. त्या बोडक्यावर. दरवर्षी मे महिन्यात.’

मला हे माहीत नव्हतं. माझे गुडघे दुखतात, मी तेवढ्या वर जात नाही.

‘मंडळात म्हणतात, वेडी आहे ती. आम्ही दगड मारून हाकलतो.’ थांबून म्हणाले, ‘परवा जेसीबी आहे.’

परतीच्या बसमध्ये नगर रोडला नेहमीचा खोळंबा झाला. मी एरवी महापालिकेपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी उरलेला डबा काढून ह्यांच्यापुढे धरला. हे एकदाच बोलले, तेही खिडकीकडे बघून: आपण इतकी वर्षं पाणी वाहिलं, ते कशासाठी वाहिलं? मी आठवडाभर ज्या वाक्यासाठी झगडत होते ते हेच. पण कानावर पडलं तेव्हा जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

रविवारी बैठक झाली. कंपनीकडून मानसी नावाची मुलगी आली होती, अमरावतीची, गोड, लॅपटॉपवर हिरवीगार चित्रं घेऊन. मंडळ पुढे सरसावून बसलं. हे उभे राहिले आणि म्हणाले, वरच्या तुकड्यावर काहीही लावायचं नाही, मी परवानगी देणार नाही, तिथे टिटवीची अंडी असणार. कुणाला वाटलं, विनोद आहे. मग वाटलं, दुसऱ्या कंपनीने जास्त दिलं. मग एका निवृत्त इंजिनिअरांनी विचारलं, म्हणजे आपण इतकी वर्षं केलं ते चुकलं म्हणता? हे म्हणाले, उताराचं मला माहीत नाही, पण वर चुकेल. त्यावर जो गदारोळ झाला तो लिहीत नाही. पुण्यात माणसाचं चारित्र्य, शिक्षण आणि बायको, तिन्हींवर अत्यंत शुद्ध मराठीत शंका घेता येते.

मानसीने शेवटी अगदी कळकळीने विचारलं, ‘पण काका, मग ॲक्टिव्हिटी काय ठेवायची? शंभर जण येणार आहेत.’

‘काही नाही करायचं,’ हे म्हणाले. ‘तेवढं जमतं का बघा.’

नाही जमलं. कंपनीने दुसरी टेकडी पकडली, पुण्यात टेकड्यांना तोटा नाही. आमचा बोडका तुकडा वाचला, निदान या वर्षापुरता. पण मंडळाने त्याच बैठकीत नवा अध्यक्ष निवडला, आणि ह्यांना सांगण्यात आलं, की झाडं नकोत असं तुमचं मत असल्याने तुमची झाडं आता इतरांना वाटून दिलेली आहेत. अक्षरशः वाटून. ह्यांचा तो पहिला काशीद सावलीची तक्रार करणाऱ्या गृहस्थांकडे गेला.

तर अशी आमची सहल. जायचं असेल तर जरूर जा, फक्त माळावर पाय बघून टाका, आणि लवकर जा, कारण पुढच्या खेपेला त्या जागी पानटपरी दिसली तर समजा की अनुक्रमण सुरू झालं. फोटो चांगले आले नाहीत. गवताचे येत नाहीत.

सोमवारी पहाटे हे नेहमीप्रमाणे उठले, दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत जाऊन बसले. मी आतून बघत राहिले. त्यांनी मान न वळवता विचारलं, ‘आता सकाळी मी काय करू?’

मी म्हटलं, ‘चहा करा. दोन कप.’

ह्यांनी आयुष्यात चहा केलेला नाही. पहिल्या दिवशी उतू गेला. दुसऱ्या दिवशी साखर दोनदा पडली, तो मी निमूट प्यायले. आता रोज करतात. मी अंथरुणातच पडून आवाज ऐकते. काल त्यात आलं किसून घातलं होतं. मी काही सांगितलं नव्हतं.